चूल, खिडकी आणि डोके : विलायती घरपट्टीची कहाणी

बलिप्रतिपदेला आपण बळीराजाची आठवण काढतो, वहीपूजन करतो आणि नव्या वर्षाच्या हिशेबाचे पहिले पान उघडतो. संस्कृतात ‘बलि’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘करभार’ असा आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते. प्रजेने राजाला द्यावयाचा वाटा, तो बलि. तेव्हा दिवाळीच्या अंकात कराची गोष्ट सांगायला बसलो, म्हणून फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढल्याचा ठपका वाचकांनी माझ्यावर ठेवू नये.

मी व्यवसायाने शाळामास्तर आहे आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. इतिहासाच्या तासाला मुलांकडून लढाया आणि तह घोकून घेणे मला सोपे जाते. पण ‘आपल्या आळीतला दिवा कोणाच्या पैशाने लागतो?’ असे विचारले की सारा वर्ग गप्प होतो. एखादा धीट मुलगा ‘सरकारच्या’ म्हणून मोकळा होतो. आता सरकारचा पैसा आला कोठून, हा पुढचा प्रश्न मास्तरांनी विचारायचा नसतो! कादंबरीकाराला मात्र भांडणे लागतात, आणि घरपट्टीवरून माणसांनी घातलेल्या वादाइतका चिवट वाद मला दुसरा आढळलेला नाही. या वादात राजे नमले, नगरसेवक तुरुंगात गेले आणि एका बलाढ्य पंतप्रधानांचे आसन डळमळले. हे सारे घडले ते इंग्लंडात. आपल्या नगरपालिकांच्या घरपट्टीचा साचा तेथूनच आलेला असल्यामुळे ती कहाणी आपल्यालाही अगदीच परकी नाही.

कहाणीच्या मुळाशी एकच साधा प्रश्न आहे. गावाचा खर्च सर्वांचा. पण कोणी किती द्यायचा? सर्वांनी सारखा द्यावा, की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे? आणि ऐपत मोजायची तरी कशाने?

चूल आणि खिडकी

इंग्लंडात गावखर्चाची रीतसर पट्टी सुरू झाली ती गरिबांच्या निमित्ताने. १६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, गरिबांच्या पोषणाचा प्रसिद्ध कायदा झाला. प्रत्येक चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, म्हणजे पॅरिशला, आपापल्या गोरगरिबांची, अपंगांची आणि पोरक्या मुलांची जबाबदारी घ्यावी लागली. त्यासाठी गावातल्याच काही सुस्थित गृहस्थांना देखरेखीस नेमून, घरे आणि जमिनी ज्यांच्या ताब्यात असतील त्यांच्याकडून पट्टी वसूल करण्याचा अधिकार त्यांना दिला गेला. तेथे ‘मालक कोण’ यापेक्षा ‘राहतो कोण’ या गोष्टीला महत्त्व होते. घरात राहणारा तो पट्टी देणारा, हे तत्त्व तेथे आज चार शतके टिकून आहे.

पट्टी मोजण्याची रीत पुढे ठरून गेली ती अशी: ते घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करायचा आणि त्या रकमेवर दर पौंडाला अमुक शिलिंग आकारायचे. वीस शिलिंगांचा एक पौंड. घराचे वार्षिक भाडे वीस पौंड धरले आणि दर पौंडाला पाच शिलिंग असला, तर शंभर शिलिंग, म्हणजे पाच पौंड पट्टी झाली. या पट्टीला ते ‘रेट’ म्हणत, आणि ती भरणारा तो ‘रेटपेयर’.

राजाची तिजोरी मात्र निराळी होती आणि ती सदैव रिकामी असे. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकीर्दीत चुलीवर कर बसला. घरातल्या प्रत्येक शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. ज्याच्या घरात चुली जास्त तो श्रीमंत, असा त्यामागचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. अगदी गरिबांना माफीही होती; पण ती घरबसल्या मिळत नसे. धर्मोपदेशक आणि गावचे अधिकारी यांच्या सह्यांचा दाखला आणावा लागे. सवलत आहे, पण ती कागद दाखवून मागावी लागते, हा नियम तेव्हापासूनचा आहे. वाचकांनी तो लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

चुलीच्या करात खरी अडचण निघाली ती मोजणीची. चूल असते घराच्या आत. ती मोजायची तर कारकुनाने लोकांच्या माजघरापर्यंत जायला हवे. परक्या पुरुषाने सरकारी शिक्का मिरवीत घरात शिरावे आणि बायाबापड्यांच्या देखत चुली मोजाव्यात, हे लोकांना पैशापेक्षाही अधिक झोंबले. १६८९ साली विल्यम आणि मेरी गादीवर आल्यावर लोकांच्या रोषाला मान देऊन हा कर रद्द झाला.

सात वर्षांनी, १६९६ मध्ये, सरकारने तोड काढली. घरात न शिरता, रस्त्यावर उभे राहून काय मोजता येईल? खिडक्या! प्रत्येक घराला ठरावीक कर होताच. त्यावर दहा किंवा अधिक खिडक्या असतील तर जादा आकारणी सुरू झाली. मोजणाऱ्याला आत पाऊल टाकण्याचे कारणच उरले नाही. पण माणसाची अक्कल करापुढे दुप्पट चालते. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. नवी घरे बांधणाऱ्यांनी मुळातच खिडक्या कमी ठेवल्या. ज्या मोठ्या इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत, त्यांच्या मालकांनी कर वाचवण्यासाठी उजेड आणि वारा बंद केला. कर वाचला मालकाचा आणि खोकला लागला भाडेकऱ्याच्या पोरांना. या अंधाराने रोगराई वाढते असे वैद्य मंडळी कंठशोष करून सांगत होती. तरी तो कर रद्द व्हायला १८५१ साल उजाडावे लागले. इंग्लंडातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर त्या बुजवलेल्या खिडक्या आजही दिसतात.

चूल आणि खिडकी यांवरून एक गोष्ट उघड होते. ऐपतीची जी खूण तुम्ही पकडाल, ती खूण लोक लपवू लागतील. म्हणून खूण निवडताना, ती लपवल्याने नुकसान कोणाचे होणार, हे आधी पाहावे लागते.

पट्टीने काय उभे केले

करांवर चिडणे सोपे असते, म्हणून त्या पट्टीने काय उभे केले तेही सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातली गावे फुगून शहरे झाली. धूर, चिखल, पटकी आणि दुर्गंधी यांनी माणसे हैराण झाली. तेव्हा नळ, गटारे, दिवे आणि रस्ते यांचा मोठा भार याच स्थानिक पट्टीने उचलला. १८७३ ते १८७६ या काळात बर्मिंगहॅमचा महापौर असलेल्या जोसेफ चेम्बरलेनने तर गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या विकत घेऊन शहराच्या मालकीच्या केल्या.

शिक्षक म्हणून मला त्यातल्या दोन गोष्टी विशेष वाटतात. १८५० साली सार्वजनिक वाचनालयांचा कायदा झाला आणि शहराला त्यासाठी पौंडामागे अर्धा पेनी पट्टी घेण्याची मुभा मिळाली. गंमत अशी, की त्या पैशातून इमारत बांधावी, ग्रंथपाल नेमावा; पण पुस्तके मात्र विकत घेता येत नव्हती! ती कोणा उदार गृहस्थाने भेट द्यावीत अशी अपेक्षा. १८५५ साली पट्टी पेनीभर झाली आणि पुस्तकांवरही खर्च करता येऊ लागला. पुढे १८७० च्या शिक्षणाच्या कायद्याने शाळामंडळे निघाली, आणि त्यांनाही याच पट्टीचा आधार मिळाला. अर्ध्या-अर्ध्या पेनीने खाणकामगारांची पोरे अक्षरे गिरवू लागली.

पट्टीबरोबर हक्कही आला. जो पट्टी भरतो त्याला गावच्या कारभारात मत, हा विचार रुजला. १८६९ साली पट्टी भरणाऱ्या अविवाहित स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. पार्लमेंटच्या मतासाठी इंग्लंडातल्या स्त्रियांना पुढे जवळजवळ पन्नास वर्षे झगडावे लागले. गावच्या मताचे दार घरपट्टीच्या पावतीने आधीच उघडले होते.

तोच साचा आपल्याकडे

हा साचा आपल्याकडे आला, पण आधी उलट्या तोंडाने आला. १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्याच्या शहरांत घरांवर कर बसवला. बनारसच्या लोकांनी तो नाकारला. डिसेंबरात दुकाने बंद झाली, धंदे थांबले आणि हजारो माणसे घरदार सोडून शहराबाहेर मैदानात धरणे धरून बसली. कडाक्याच्या थंडीत लोहार, कोष्टी, नावाडी, ब्राह्मण सारे एकत्र बसलेले. काशीला आपल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांची मोठी वस्ती त्या काळीही होती. लोकांचे म्हणणे थोडक्यात असे, की राहते घर हे डोके टेकण्याचे ठिकाण आहे, उत्पन्नाचे साधन नव्हे. अखेर कंपनीला तो कर मागे घ्यावा लागला. सत्याग्रह हा शब्द जन्माला येण्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

त्या कराचा दोष तो घरावर बसला एवढाच नव्हता. तो पैसा कंपनीच्या खजिन्यात जाणार होता, बनारसच्या गल्लीत नव्हे. पट्टी देणाऱ्याला तिच्या खर्चाविषयी चकार शब्द काढता येत नव्हता. ही चूक हळूहळू उमगली. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेत चौसष्ट सभासद झाले आणि त्यांतले निम्मे पट्टी भरणाऱ्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. १८७६ साली महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद झाले. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. १८८८ साली मुंबई महापालिकेचा तो कायदा झाला, ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. त्यात घराचे करयोग्य मूल्य काढण्याची रीत इंग्लंडचीच ठेवली: वर्षाला किती भाडे येईल ते धरावे आणि दुरुस्तीबद्दल त्यातून शेकडा दहा वजा करावेत. ही भाड्याची रीत मुंबईत सव्वाशे वर्षे चालली आणि २०१० पासून तिच्या जागी मालमत्तेच्या भांडवली किमतीवर आकारणी आली. २०२२ पासून तेथे पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना हा कर माफ झाला. बनारसच्या मैदानातला मुद्दा दोन शतकांनी थोडा तरी मान्य झाला म्हणायचा.

तीस नगरसेवक तुरुंगात

आता पुन्हा लंडनकडे वळू. शहराच्या पूर्वेला पॉप्लर नावाची गोदीकामगारांची वस्ती आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे बेकारीचा कहर झाला. कायदा असा, की प्रत्येक भागाने आपापले गरीब आपणच पोसावेत. म्हणजे गरीब वस्तीत गरीब फार, म्हणून खर्च फार. आणि घरे हलकी, म्हणून पट्टीचे उत्पन्न कमी. पौंडामागे एक पेनी पट्टी लावली तर श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये एकतीस हजार पौंडांवर रक्कम जमे. पॉप्लरमध्ये तीच पेनी साडेतीन हजारांच्या थोडी वर जाई. शिवाय साऱ्या लंडनच्या सामाईक खर्चाचा वाटाही पॉप्लरने आपल्या लोकांकडून गोळा करून द्यायचा होता.

१९२१ साली जॉर्ज लान्सबरी यांच्या नेतृत्वाखाली पॉप्लरच्या कौन्सिलने तो सामाईक वाटा गोळा करायचे नाकारले. न्यायालयाने बोलावले तेव्हा हे नगरसेवक वाजतगाजत मिरवणुकीने तेथे गेले. सप्टेंबरात तीस नगरसेवकांना अटक झाली. त्यांत पाच स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या एकीला दिवस गेलेले होते. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, स्त्रिया हॉलोवेच्या. तरी कौन्सिलचा कारभार थांबला नाही. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच सभा भरू लागल्या आणि स्त्री सभासदांना मोटारीतून तेथे आणण्यात येऊ लागले! सहा आठवड्यांनी सरकार नमले. सर्वांची सुटका झाली आणि गरिबांच्या पोषणाचा भार साऱ्या लंडनने वाटून घ्यावा असा कायदा झाला. त्या पाच स्त्रियांपैकी मिनी लान्सबरी ही जॉर्जची सून मात्र पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी न्यूमोनियाने गेली. ती अवघी बत्तीस वर्षांची होती.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला गेले, तेव्हा ते बड्या हॉटेलात न उतरता बो या वस्तीतल्या किंग्स्ली हॉलमध्ये राहिले. बो हा त्याच पॉप्लर कौन्सिलचा भाग. करावरून तुरुंगात गेलेल्या माणसांचे शेजारी आणि मिठावरून तुरुंगात गेलेला पाहुणा यांची गाठ एकाच गल्लीत पडली.

डोक्यांची मोजणी

घरभाड्यावरची ती पट्टी पुढेही चालू राहिली, पण तिच्याविषयी एक तक्रार वाढत गेली. मोठ्या घरात एकटी विधवा म्हातारी राहते. शेजारच्या तसल्याच घरात आईबाप आणि तीन मिळवती मुले. दोघांना पट्टी सारखीच! आणि मुलगे तर स्वतः काहीच भरत नाहीत, पण मत मात्र देतात. ही तक्रार खोटी नव्हती. मार्गारेट थॅचर यांच्या पक्षाने १९७४ सालीच ही पट्टी रद्द करण्याचे वचन दिले होते. त्यांच्या सरकारने ते पाळले, पण असे पाळले की आगीतून फुफाट्यात पडावे.

घर मोजणे सोडून त्यांनी डोकी मोजायचे ठरवले. एका कौन्सिलच्या हद्दीतल्या प्रत्येक प्रौढाला सारखीच रक्कम. सरकारी नाव मोठे गोंडस होते. लोकांनी त्याला ‘पोल टॅक्स’ म्हटले. ‘पोल’ म्हणजे जुन्या इंग्रजीत डोके. हे नाव तेथे अपशकुनीच. १३८० साली राजाने पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक डोक्यावर बारा पेन्स कर बसवला होता, आणि पुढल्याच वर्षी शेतकऱ्यांनी वॉट टायलरच्या नेतृत्वाखाली लंडनवर चाल केली होती. बंड मोडले, टायलर मारला गेला. पण तो करही राहिला नाही. सहाशे वर्षांनी तीच खेळी पुन्हा झाली.

१९८९ च्या एप्रिलात हा कर स्कॉटलंडमध्ये आणि १९९० च्या एप्रिलात इंग्लंड व वेल्समध्ये लागू झाला. लॉर्डसाहेबांच्या वाड्यात राहणाऱ्या माणसाला जेवढा, तेवढाच झाडूवाल्याला. अगदी गरिबाला मोठी सूट होती. पण बेकार असो की विद्यार्थी, शेकडा वीस तरी भरलेच पाहिजेत असा हट्ट. घराची पट्टी एका कुटुंबाला एक येई. आता प्रत्येक डोक्याला निराळे बिल. घर हलत नाही, माणूस मात्र हलतो. लक्षावधी लोकांनी भरणे नाकारले. मतदारयादीवरून आपण सापडू या भीतीने पुष्कळांनी यादीत नावच घातले नाही. शंभर वर्षांपूर्वी पट्टीमुळे मत मिळाले होते. आता पट्टीपायी माणसे मत सोडू लागली. ३१ मार्च १९९० रोजी ट्रॅफल्गार चौकात मोठी दंगल झाली. नोव्हेंबरात थॅचरबाईंना पद सोडावे लागले. त्याला कारणे इतरही होती. पण हा कर त्यांतले एक मोठे होते यात शंका नाही.

अर्धे घर, अर्धी माणसे

१९९३ च्या एप्रिलापासून आला तो आजचा ‘कौन्सिल टॅक्स’. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. पण आता आपली मुले त्या देशाच्या गावोगावी पसरली आहेत, आणि वसंत ऋतूत त्यांच्या दारात हे बिल येऊन पडते. माझा एक जुना विद्यार्थी तेथे नोकरीला आहे. त्याने बिलाचे छायाचित्र पाठवून विचारले, ‘सर, हे कोडे काय आहे?’ ते सोडवताना मला वरचा सारा इतिहास त्या एका कागदात दिसला.

नवा कर म्हणजे चार शतकांच्या भांडणातली तडजोड आहे. त्यात घर आहे आणि डोकीही आहेत. इंग्लंडातल्या प्रत्येक घराला ए पासून एच पर्यंत आठ पायऱ्यांपैकी एक पायरी दिलेली असते. १ एप्रिल १९९१ रोजी ते घर किती किमतीला विकले गेले असते, यावरून ती ठरते. चाळीस हजार पौंडांपर्यंतचे घर पहिल्या पायरीवर, तीन लाख वीस हजारांवरचे शेवटच्या. कौन्सिल मधल्या डी पायरीचा कर ठरवते आणि बाकीच्या त्या प्रमाणात ठरतात: ए ला त्याचे नऊपैकी सहा भाग, एच ला दुप्पट. हिशेबासाठी डी चा कर अठराशे पौंड धरला, तर ए ला बाराशे आणि एच ला छत्तीसशे. किमतीत आठपटीहून जास्त अंतर, करात मात्र तिप्पटच. शेवटच्या पायरीवर तर साडेतीन लाखांचा बंगला आणि तीस लाखांचा महाल शेजारी शेजारी बसतात आणि सारखाच कर भरतात. पॉप्लरची माणसे यावर काय म्हणाली असती ते सांगायला नको.

आणखी एक नवल म्हणजे इंग्लंडने ती १९९१ ची किंमत अजून बदललेली नाही. त्यानंतर बांधलेल्या घरालाही ‘हे घर तेव्हा असते तर किती किमतीचे असते’ असे कल्पून पायरी दिली जाते. कादंबरीकारालाही एवढी कल्पनाशक्ती पुरवणे जड जाईल! वेल्सने मात्र फेरमोजणी करून २००५ पासून २००३ च्या किमती धरल्या आणि एक नववी पायरी वाढवली.

डोक्यांचा भाग येतो तो सवलतींत. बिलात घरी दोन प्रौढ राहतात असे गृहीत धरलेले असते. एकच प्रौढ असेल तर चौथा हिस्सा माफ. तिसरा, चौथा असला तरी जादा काही नाही. ती एकटी विधवा म्हातारी अखेर हिशेबात आली ती अशी. शिवाय काही माणसे मोजणीतून वगळली जातात: अठरा वर्षांखालची मुले, पूर्ण वेळ शिकणारे विद्यार्थी, गंभीर मानसिक व्याधीने ग्रस्त व्यक्ती वगैरे. घरात सारेच विद्यार्थी असतील तर घराला करच नाही. अपंग व्यक्तीच्या गरजेसाठी घरात खास सोय केलेली असेल तर एक पायरी खाली धरतात. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी निराळी सूट असते. २०१३ पासून वृद्धांखेरीज इतरांसाठी तिचे नियम इंग्लंडातले प्रत्येक कौन्सिल आपापले ठरवते. उलट बाजूही आहे: घर वर्षभर रिकामे पडलेले असेल तर दुप्पट, आणि दहा वर्षे पडून असेल तर चौपटही कर लावण्याचा अधिकार कौन्सिलला आहे.

माझ्या विद्यार्थ्याची बायको तेथे विद्यापीठात पूर्ण वेळ शिकत होती. म्हणजे करापुरता घरात एकच प्रौढ! तरी बिल पूर्ण आलेले. कारण सोपे आहे: ती शिकते हे कौन्सिलला कोणी कळवलेच नव्हते. विद्यापीठाचा दाखला पाठवल्यावर चौथा हिस्सा कमी झाला. चुलीच्या कराच्या काळातला तोच नियम: सूट कायद्यात असते, पण ती दाखला दाखवून मागावी लागते. ज्याला वाचता येते, विचारता येते, त्याला ती मिळते. ज्याला भाषा येत नाही किंवा कागदाची धास्ती वाटते, तो गरीब असूनही पूर्ण भरतो.

देण्याची जबाबदारी आजही ‘राहतो कोण’ यावरच आहे. राहता मालक असेल तर तो. नसेल तर राहणारा भाडेकरू. कोणीच राहत नसेल तर मालक. खोल्या खोल्या वेगवेगळ्या भाड्याने दिलेल्या घराचा कर मालकाकडे. नवरा-बायको दोघेही संपूर्ण रकमेला जबाबदार. ‘माझा अर्धा मी भरला’ हे चालत नाही. बिल दहा हप्त्यांत भरायचे असते, मागितल्यास बारा हप्ते मिळतात. पायरी चुकीची वाटली तर दाद मागता येते. पण निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहावे लागतात, आणि तपासात पायरी वर जाण्याचा धोकाही पत्करावा लागतो.

हप्ता चुकला की आठवणपत्र येते आणि सात दिवसांची मुदत मिळते. तीही हुकली तर सबंध वर्षाची रक्कम एकदम मागण्याचा हक्क कौन्सिलला येतो. पुढे न्यायालयाचे बोलावणे, त्याचा खर्च डोक्यावर, मग पगारातून कपात किंवा दारात जप्तीवाले. पैसे असून हट्टाने किंवा बेपर्वाईने न भरणाऱ्याला इंग्लंडात तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली. म्हणून अडचण आली तर गप्प बसण्यात सर्वांत मोठा तोटा आहे. पहिले आठवणपत्र येताच, किंबहुना त्याआधीच कौन्सिलला गाठून हप्ते नव्याने बांधून मागावेत, हेच शहाणपण.

मी त्या मुलाला बिलाची मागची बाजू वाचायला सांगितली. तेथे कौन्सिल, पोलीस, अग्निशमन, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल असे वाटे मांडलेले असतात. १६०१ सालच्या पॅरिशला ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची काळजी पडली होती, त्यांचा वाटा आजच्या बिलातही आहे. गरिबांसाठी काढलेल्या पट्टीत आज गरीब किती भरतो आणि श्रीमंत किती, हा पॉप्लरचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

आपल्याकडेही घरपट्टीची पावती येते, आपण आकडा पाहतो, चरफडतो आणि ती खुंटाळ्याला अडकवून टाकतो. यंदा पाडव्याला वहीपूजन करताना ती पावती वह्यांशेजारी ठेवावी आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावावी. कशाकशाचे पैसे घेतले, कोणाला सूट आहे, शेवटची तारीख कोणती, हे त्यांनाच शोधू द्यावे. आळीतला दिवा कोणाच्या पैशाने लागतो, हे त्यांना एकदा कळले, म्हणजे तो विझल्यावर कोणाला जाब विचारायचा हेही ती आपोआप शिकतील.